घोड्याशेजारचा घोडा

मराठीत बैल जोडीने येतो आणि घोडा एकटा. ढवळ्या म्हटला की पवळ्या आठवतो, सर्जाबरोबर राजा असतो. शेजारी बांधल्याने एकाचा गुण दुसऱ्याला लागतो, हेही आपल्या म्हणीने टिपून ठेवले आहे. यामागे बैलाविषयीचा जिव्हाळा असेलच, पण खरे कारण जू हे आहे. जुवाला दोन माना लागतात, पाठीवर बसायला एक घोडा पुरतो. घोडचूक, घोडनवरी, घोडामैदान, वरातीमागून येणारे घोडे, असा शब्दांचा सुकाळ असूनही घोड्याचे घोड्याशी काय नाते असते, हा प्रश्न आपल्या साहित्याने जवळजवळ विचारलेलाच नाही, असे आमचे मत आहे.

सभासदाने बखरीत पागेची व्यवस्था सांगितली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. वर्षानुवर्षे एकत्र बांधलेल्या, एकाच पखालीचे पाणी पिणाऱ्या त्या पंचवीस जनावरांत काही सोयरीक जमत असणारच. ती नोंदवणे हे बखरकाराचे काम नव्हे, हे मान्य. पण आख्यायिकाही तशाच. चेतक राणा प्रतापासाठी मरतो, कंथक सिद्धार्थाच्या विरहाने मरतो. द्रोणपर्वात जयद्रथवधाच्या दिवशी श्रीकृष्ण भर रणांगणात घोडे सोडतो, त्यांच्या अंगातले बाण उपसतो, त्यांना पाणी पाजतो. प्रसंग अपूर्व आहे. शैब्य, सुग्रीव, मेघपुष्प आणि बलाहक ही नावेही परंपरेने जपली. तरी नाते आहे ते सारथ्याचे आणि घोड्यांचे. त्या चौघांचे आपसात काय, ते कोणी सांगत नाही.

भाषेतली ही उणीव एका शब्दापाशी नेमकी दिसते. माणूस घोड्याचे अंग घासतो त्याला आपण खरारा म्हणतो. दोन घोडे उलट दिशांना तोंडे करून उभे राहतात आणि आयाळ संपते तिथला उंचवटा एकमेकांच्या दातांनी खाजवतात, या क्रियेला मराठीत शब्द असल्याचे आमच्या ऐकिवात नाही. फ्रान्समधील कामार्गच्या घोड्यांवर फे आणि द माझिएर यांनी केलेला अभ्यास 1993 साली प्रसिद्ध झाला. नेमक्या त्या जागी खाजवले असता घोड्याच्या हृदयाची गती मंदावते, असे त्यांना आढळले. न्यूझीलंडमधील कायमानावा पर्वतातल्या मोकाट घोड्यांविषयी 2009 साली कॅमरॉन आणि सहकाऱ्यांनी लिहिले, की एकमेकींशी रक्ताचे नाते नसलेल्या घोड्यांच्या माद्यांत मैत्री घट्ट असेल तर त्यांना नरांचा उपद्रव कमी होतो आणि त्यांची अधिक शिंगरे जगतात. मैत्री ही घोड्याच्या बाबतीत कविकल्पना नव्हे, ती जगण्याची सामग्री आहे.

आम्ही वसईत शिकवतो. इथले जुने लोक टांग्यांविषयी हळहळतात, पण हळहळ टापांच्या आवाजाची आणि रमतगमत प्रवासाची असते. डोळ्यांना ढापणे आणि तोंडाला तोबरा बांधून एकट्याने उभ्या असणाऱ्या त्या कळपातल्या प्राण्याची नसते. मुंबई उच्च न्यायालयाने 2015 साली व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हा क्रौर्यावर, तबेल्यांवर, मालकांच्या पोटापाण्यावर पुष्कळ लिहिले गेले, आणि ते आवश्यकच होते. कोणता घोडा कोणाच्या शेजारी बांधलेला होता आणि दोघांना एकत्र पाठवता येईल का, हा प्रश्न मात्र आमच्या वाचनात आला नाही. तो आपल्याला सुचत नाही याचे एक कारण, आपण वाचलेल्या कथांत तो कधी आलाच नव्हता, हे असू शकेल.

तरीही दोन घोडे एकत्र पाहण्याची एक जागा मराठी माणसाकडे आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसाठी बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व दरसाल पायी आळंदीला येतात. रिंगणात एकावर पताकाधारी स्वार असतो. दुसरा माउलींचा, त्याची पाठ रिकामी. लाखो डोळे त्या रिकाम्या पाठीकडे लागतात आणि तिथे माउली आहेत, ही श्रद्धा आम्हांलाही आदरणीय आहे. आमचे म्हणणे एवढेच, की त्या अश्वाच्या पुढे आणखी एक अश्व धावत असतो. शर्यतीत स्वार पडला तरी घोडा बहुधा इतर घोड्यांबरोबर धावतच राहतो, हे शर्यती पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. अंकलीपासून बरोबर चालत आलेल्या सोबत्यामागे धावणे, हाही त्या रिंगणाचा एक अर्थ का नसावा? त्याने भक्तीला बाध येतो असे आम्हांस वाटत नाही. वारी तरी सोबतीवाचून दुसऱ्या कशावर चालते?

मराठीला हे जमणार नाही असेही नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळ्यांचे आपसातले संबंध माणसाला मध्ये न आणता लिहिले. टॉलस्टॉयची ‘खोल्स्टोमेर’ ही घोड्याची कथा आपण वर्गात शिकवतो ती बहुधा श्क्लोव्हस्कीच्या निमित्ताने, अपरिचितीकरणाचे उदाहरण म्हणून. माणसांची मालकीहक्काची कल्पना घोड्याला किती विचित्र वाटते, एवढे सांगून तास संपतो. पण हा म्हातारा, ठिपकेदार घोडा आपली कहाणी सांगतो ती माणसांना नव्हे. ज्या कळपाने त्याला दिवसा छळले, त्यातली एक म्हातारी घोडी त्याला ओळखते, आणि मग तोच कळप रात्रीमागून रात्री त्याच्याभोवती उभा राहून ऐकतो. परीक्षेत या श्रोत्यांवर प्रश्न आलेला आम्ही अजून पाहिलेला नाही.