भाकितापलीकडची विज्ञानकथा

विज्ञानकथेची थोरवी गाताना तिने पाणबुडी किंवा चंद्रयान किती वर्षे अगोदर वर्तविले याचाच हिशेब मांडण्याची जी रूढी पडली आहे, ती या वाङ्मयप्रकारावर अन्याय करणारी आहे; कारण यंत्र जन्मास येण्यापूर्वीच त्याच्या परिणामांची जाणीव मनात रुजविणे हे तिचे खरे कार्य होय. एच. जी. वेल्स यांनी १९१४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द वर्ल्ड सेट फ्री’ या कादंबरीत अणुबाँब कल्पिला तो फ्रेडरिक सॉडी यांच्या रेडियमविषयक ग्रंथाच्या आधारे; त्यातील तांत्रिक तपशील, म्हणजे एकदा पेटलेला बाँब दीर्घकाळ धुमसत राहणे, पुढे खरा ठरला नाही. परंतु शहरेच्या शहरे बेचिराख होतील आणि राष्ट्राराष्ट्रांच्या जुन्या कारभाराला ही शक्ती आवरणार नाही, हे त्यांचे निदान हंगेरीत जन्मलेल्या लिओ सिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाच्या अंतःकरणात खोल उतरले. १९३२ मध्ये त्यांनी ती कादंबरी वाचली. पुढल्याच वर्षी, नाझी अमलामुळे जर्मनी सोडून लंडनला आले असता, न्यूट्रॉनच्या शृंखलाप्रक्रियेची कल्पना त्यांना स्फुरली. १९३४ मध्ये त्यांनी पेटंटचा अर्ज गुदरला, आणि ते पेटंट जगजाहीर होऊ नये म्हणून अखेर ब्रिटिश नौदल खात्याच्या हवाली केले. या शोधातून काय ओढवेल हे आपण वेल्स वाचले असल्यामुळेच जाणत होतो, असे त्यांनी स्वतःच पुढे नमूद करून ठेवले आहे.

एवढे होऊनही बाँब झालाच, हा आक्षेप मला मान्य आहे. किंबहुना जर्मनी अगोदर बाजी मारील या धास्तीने १९३९ मध्ये आइन्स्टाइन यांच्या सहीचे पत्र रूझवेल्ट यांना धाडण्यात सिलार्ड यांचाच पुढाकार होता. तथापि जुलै १९४५ मध्ये जपानवरील वापराविरुद्ध सहकारी शास्त्रज्ञांच्या सह्या गोळा करणारेही तेच होते, आणि कादंबरीने जागविलेली ती विवेकबुद्धी मला निष्फळ वाटत नाही.

मराठीत जयंत नारळीकरांसारख्या श्रेष्ठ खगोलशास्त्रज्ञाने १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस टोपणनावाने कथा धाडली, यावरून या प्रकाराला त्यांनी किती गांभीर्याने घेतले हे दिसते. आपण मात्र अजूनही विज्ञानकथेला बालवाङ्मयाच्या कप्प्यात ढकलतो. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे न्यायदान, शिक्षण आणि सरकारी दफ्तरे यांत शिरू पाहत असताना, ती घडविण्यास निघालेल्या विद्यार्थ्यांना गणिताबरोबर अशा कथांचेही सक्तीने वाचन करावयास लावावे, आणि त्यावरील चर्चेस परीक्षेत गुण ठेवावेत, अशी माझी आपल्या विद्यापीठांकडे आग्रहाची मागणी आहे.