सहलीला सवलत, नोकरीला नाही



कंपनीने परदेशी पाठवले की माणसाची चंगळ झाली, असे आपल्याकडे सरसकट धरले जाते. त्याच्या एकाच पगाराला दोन देशांची कात्री लागते, हे मात्र फारसे बोलले जात नाही. विषय निघालाच तर ‘करार आहे ना!’ असे म्हणून लोक मोकळे होतात. जर्मनी, ब्रिटन, अमेरिका, नेदरलँड्सशी दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार आहेत, हे खरेच. पण बऱ्याचदा ते वर्षअखेरचा हिशेब जुळवतात, महिन्याच्या महिन्याला होणारी कपात अडवत नाहीत.

नोकरीसाठी बाहेर पडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस इथे राहिला, तर कायद्याने निवासी ठरतो आणि जगभरच्या कमाईवर इथे करपात्र होतो. १ एप्रिलपासून मोजले तर २९ सप्टेंबरला १८२ दिवस भरतात. म्हणून पुण्याच्या आयटी पट्ट्यात, हिंजवडीत सप्टेंबर उजाडला की व्हिसाच्या तारखेकडे डोळे लागतात. २८ तारखेला विमान सुटले तर एक हिशेब, दिवाळीनंतर सुटले तर दुसराच. आणि व्हिसा काय, वकिलातीच्या मर्जीने येणार.

समजा, एक अभियंता नोव्हेंबरात म्युनिकला गेला. पगार पुण्याच्याच कंपनीकडून चालू आहे. काम जर्मनीत, मुक्कामही लांबलेला, त्यामुळे तिथला वेतनकर कापला जातो. इकडे तो निवासी, म्हणून त्याच पगारावर टीडीएसही कापला जातो. तिकडे घराची अनामत भरायची, इकडे गृहकर्जाचा हप्ता चुकवायचा नाही. जादा कापलेले पैसे परत मिळतात, पण पुढच्या पावसाळ्यात विवरणपत्र भरल्यानंतर. त्यालाही साधा ‘सहज’ अर्ज चालत नाही, आयटीआर-२ लागतो. सोबत परदेशी कराचे श्रेय मागणारा फॉर्म (१९६१च्या कायद्याखाली फॉर्म ६७) आणि तिकडच्या कराचा पुरावा. युरोचे रुपये करायचे ते स्टेट बँकेच्या टीटी खरेदी दराने, तोही कर कापल्याच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा! जर्मनीचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपले एप्रिल ते मार्च, हे त्रांगडे वेगळेच. ऑगस्ट २०२२ मध्ये नियम सैल होईपर्यंत तर श्रेयाचा हा फॉर्म विवरणपत्राच्या मुदतीत गेला नाही म्हणून लोकांचे दावे फेटाळले जात आणि त्यांना न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागे.

माझा मुद्दा सरकारच्याच एका चांगल्या दुरुस्तीवरून सुचलेला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नोकरदाराने इतरत्र भरलेला टीसीएस, म्हणजे खर्चाच्या वेळीच विक्रेत्याने वसूल केलेला कर, कंपनी पगाराच्या टीडीएसमध्ये धरू शकते. त्यासाठी फॉर्म १२बीएए आला. म्हणजे युरोपच्या सहलीच्या पॅकेजवर भरलेला टीसीएस लगेच पगारातून वळता होतो. युरोपात राबून तिथे भरलेल्या कराला मात्र त्या दुरुस्तीत जागा मिळाली नाही. हे कोणत्या न्यायाने?

परदेशातल्या पावत्या कोण तपासणार, असे प्राप्तिकर खात्याकडून म्हटले जाईल. पण अशा वेळी तिकडच्या कपातीचा कागद बहुधा मालकाच्याच परदेशी शाखेतून आलेला असतो. कर्मचाऱ्याने आणून दिलेली घरभाड्याची पावती ज्या कंपनीला चालते, तिला स्वतःच्याच शाखेचे पगारपत्रक का चालू नये? शिवाय टीडीएस हा काही अंतिम कर नव्हे. तिकडे पुढे परतावा मिळाला, तर फरक इथल्या विवरणपत्रात धरता येतोच. सरकारचा पैसा बुडत नाही.

धाडस करणाऱ्या कंपन्या स्वतःच्या जबाबदारीवर परदेशी कराचे हे श्रेय पगारातच आजही देतात. बाकीच्या हात आखडतात, कारण टीडीएस कमी कापल्याचा ठपका व्याजासह मालकावर येतो. १९६१चा कायदा जाऊन २०२५चा नवा प्राप्तिकर कायदा आला आहे. प्रत्यक्ष कर मंडळाने एक परिपत्रक काढून परदेशी कर वजा धरणाऱ्या मालकाला या ठपक्यापासून अभय द्यावे. ते नव्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या पगाराआधी निघाले, तर दिवाळीनंतर जाणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल.

— एक नोकरदार वाचक, पुणे