खाडीचं टाइमटेबल

नायगाव सुटलं की लोकल पुलावर चढते, खडखडाटाचा सूर बदलतो, दारातली मंडळी क्षणभर मोबाईलमधून डोकं वर काढतात आणि भाईंदर येतं. वसई-विरारच्या बहुतेक चाकरमान्यांची खाडीशी ओळख एवढीच. फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली खरी, पण गाडीच्या काचा वर करून खाडी कशी कळणार? त्यासाठी वल्ह्याची छोटी होडी हवी. आणि ते शिकावं लागतं, कारण पहिल्या फेरीत मजा येत नाही हो! डास चावतात, चिखलाचा वास येतो, खांदे भरून येतात, फोटोत नुसती तिवरं दिसतात. ट्रेकसारखा माथाही नाही, पोचायचं कुठेच नसतं.

मजा सुरू होते ती भरती-ओहोटी कळायला लागली की. कोळी मंडळींचा हिशोब भन्नाट आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची साधारण वेळ मिळते. आठ पाऊणे सहा, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास. एकादशीला सव्वाआठ. ना सर्व्हर, ना नेटवर्क. (तरी छापील भरतीचं वेळापत्रक बघाच.) अमावास्या-पौर्णिमेचं उधाण नवशिक्यांसाठी नाही, अष्टमीच्या आगेमागे भांगाचं पाणी असतं, ओढ कमी. एकादशीला सकाळी साडेसहाला चढत्या पाण्यावर आत शिरायचं, सव्वाआठला पाणी थबकतं, मग ओहोटीबरोबर परत. न्यायला-आणायला पाणीच. वल्हं फक्त दिशा द्यायला. अडचण एकच, शनिवार-रविवार खाडीला ठाऊक नाहीत.

पाणी थबकतं ती दहा-पंधरा मिनिटं माझ्या मते सगळ्या खटाटोपाची किंमत वसूल करतात. खंड्या एका फांदीवर गप्प बसलेला. उतरत्या पाण्याबरोबर चिखल उघडा पडला की निवट्या उड्या मारायला लागतात, तिवरांची श्वास घेणारी मुळं खिळ्यांसारखी वर येतात. स्टेशन इतकं जवळ असूनही फोन काढावासा वाटत नाही.

आणि मग तरंगत येते निर्माल्याची प्लास्टिक पिशवी. लोकलमधून 'गंगार्पण' केलेली. याच दोन पुलांच्या मधे पाणजू बेट आहे, माणसं राहतात तिथे. सप्टेंबर २०२५ मध्ये पाणजूचा एक तरुण पुलावरून चालत निघालेला असताना गाडीतून फेकलेला नारळ लागून गेला. फेकणाऱ्याला खाली फक्त पाणी दिसत असणार. म्हणून मला वाटतं, खाडी स्वच्छतेच्या फलकांवर खर्च करण्यापेक्षा आपल्या सोसायटीतल्या चार जणांना एकदा होडीत बसवावं.

स्थानिक होडीवाल्याशिवाय जाऊ नका, लाइफ जॅकेट काढू नका, पावसाळ्यात नावही काढू नका. आणि ओहोटीत चिखलात रुतलात तर खाली उतरून ढकलाढकली नको. थर्मासमधला चहा काढा, पाणी चढेपर्यंत बसा.