मैदानावरचे इंजिन

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनावर लेख लिहावा, हे आमच्या संपादक मंडळाला प्रथम पटले नाही. पण ज्या मैदानावर आपण सारे खेळतो, निदान शेंगा खात बसतो, त्याचा प्रश्न सर्व शाखांचा आहे.

जिमखान्याकडे गवत कापण्याचा, वर बसून चालवायचा छोटा ट्रॅक्टर आहे. पावसाळ्यात त्याचे काम, आणि नेमका तेव्हाच तो रुसतो. यंदा गवत गुडघाभर वाढले. म्हणून जिमखाना समितीत विचार निघाला, की जुने इंजिन काढून फ्युएल इंजेक्शनचे नवे बसवावे. मैदान सांभाळणारे काका मात्र गप्प आहेत.

मुळात हा रुसवा कशाचा? कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तेथे दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल बारीक छिद्राच्या जेटमधून ओढले जाते. उन्हाळाभर यंत्र उभे राहिले, की वाटीतले पेट्रोल उडून चिकट साका उरतो आणि जेट तुंबतो. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. ते ओल शोषून घेते. काका जेट काढून साफ करतात आणि अर्ध्या तासात यंत्र सुरू होते.

इंजेक्शनमध्ये विजेचा पंप पेट्रोल दाबाने पुढे पाठवतो आणि किती सोडायचे ते छोटा संगणक ठरवतो. चोक ओढायला नको, पेट्रोलही कमी लागते. १ एप्रिल २०२० पासून बी. एस. ६ चे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला. त्याचे मला दुःख नाही.

परंतु इंजिन बदलणे म्हणजे चार बोल्ट सोडून चार आवळणे नव्हे. या ट्रॅक्टरच्या इंजिनाचा शाफ्ट उभा, खाली पट्ट्याची पुली. त्यामुळे ‘मोटारसायकलचे इंजिन टाकू’ ही एका सभासदाची सूचना विनोदातच जमा करावी लागेल. शाफ्टची जाडी-लांबी जुळली पाहिजे, दाब सोसणारी नळी हवी, बॅटरी धडधाकट हवी. ती उतरली की पंप बंद! दोष शोधायला निराळे उपकरण लागते आणि ते काकांच्या पत्र्याच्या डब्यात नाही. मग प्रत्येक बिघाडाला शहरातून माणूस बोलवा, आणि तो येईपर्यंत गवताकडे पाहत बसा.

माझे म्हणणे एवढेच, की इंजिन जरूर बदला, पण त्याच ठरावात ते उपकरण आणि काकांचे शिक्षण यांचा खर्च धरा. तो धरायचा नसेल, तर जुन्यालाच नवा कार्बोरेटर बसवा. या यंत्राची नस ज्याला ठाऊक आहे त्या एकाच माणसाला सभेचे बोलावणे नव्हते, याची मला लाज वाटते.

ठराव होईल तेव्हा होईल. हंगाम संपताच टाकी रिकामी करून वाटी कोरडी ठेवायला तर पैसा लागत नाही. शिळे पेट्रोल इंजेक्शनलाही मानवत नाही. काकांनी हे गेल्या वर्षी दोनदा सांगितले होते. तेव्हा शेडची किल्ली कार्यालयाच्या कपाटात होती आणि कपाटाची किल्ली रजेवर.