डाव्या पायाचें शिक्षण

वार्षिक अंकांत मोटार चालविण्याच्या शिक्षणावर लेख कां, असें कोणी विचारील. त्यानें शाळा सुटण्याच्या वेळीं फाटकाशीं घटकाभर उभें राहून पाहावें, म्हणजे हा विषय शाळेबाहेरचा नाहीं हें त्याच्या ध्यानांत येईल. दहावीचा मुलगा ऐटीनें स्कूटर बाहेर काढतो, आणि त्याचे वडील कौतुकानें सांगतात, "चारचाकीही येते त्याला. सुटींत शेतावर पंधरा दिवसांत शिकला." हें 'येते' म्हणजे नेमकें काय येतें, याचा विचार करावा असा या लेखाचा हेतु आहे. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. नवशिक्यानें क्लच असलेल्या गाडीवरच शिकावें, अठरा वर्षें पुरीं झाल्यावरच शिकावें, आणि सावकाश शिकावें. अशी गाडी नवशिक्याच्या हातीं वरचेवर बंद पडते, हा तिचा दोष म्हणून सांगितला जातो. आमच्या मतें तोच तिचा मोठा गुण आहे.

क्लच म्हणजे काय हें प्रथम समजून घेऊं. गाडी उभी असतांनाही चालू इंजिन मिनिटाला सुमारें आठशें फेरे घेत असतें. बैलाला जागच्या जागीं उभें राहून जूं ओढतां येतें. इंजिनाला तें साधत नाहीं. फेरे फार कमी झाले कीं तें गुदमरून बंद पडतें. इकडे चाकें तर निश्चल. फिरतें इंजिन आणि स्थिर चाकें यांची एकदम गांठ घातली, तर दोहोंपैकीं एकाला हार खावी लागते, आणि ती बहुधा इंजिनच खातें. ही गांठ हळूहळू पडावी म्हणून मध्यें क्लचची योजना आहे. इंजिनाच्या टोकाशीं एक जड चाक असतें. त्यावर एक चकती स्प्रिंगच्या जोरानें दाबून धरलेली असते. डाव्या पायानें पेडल दाबलें कीं चकती सुटते, पाय उचलला कीं ती पुन्हां चिकटते. सारी विद्या आहे ती या दोहोंमधल्या बोटभर अंतरांत. तेथें चकती धड सुटलेली नसते आणि धड चिकटलेलीही नसते. घासत घासत ती चाकांना आपल्या वेगाला आणीत असते. आपल्याकडील चालक या स्थितीला 'हाफ क्लच' म्हणतात. चालत्या बैलगाडींत चढणारा मुलगा पाहा. तो आधीं चार पावलें गाडीबरोबर धांवतो, मग फळीला हात घालतो, मग उडी मारतो. न धांवतां चढूं पाहील तर तोंडघशीं पडेल. चाकांना तीं चार पावलें धांवूं देणें, एवढेंच हाफ क्लचचें काम.

ही जागा कोणत्या पुस्तकांत दाखवितां येत नाहीं. ती तळपायाला आणि कानाला सांपडते. पाय वर येतां येतां एका क्षणीं इंजिनाचा आवाज जड होतो, गाडीच्या अंगांत बारीकशी थरथर येते, नाक किंचित् उचलल्यासारखें होतें. तेथें पाय थांबला पाहिजे. नवशिक्याचा पाय थांबत नाहीं. तो घाईनें सुटतो, गाडी हिसका देऊन बंद पडते, आणि मागें बसलेला धाकटा भाऊ हंसतो. शिवाय प्रत्येक गाडीची ही जागा निराळी. नव्या गाडींत ती एका उंचीवर असते, झिजलेल्या चकतीच्या गाडींत दुसऱ्या. म्हणून शिकविणारानें पहिले दोन दिवस उजव्या पायाला, म्हणजे 'रेस'च्या पेडलला, कामच देऊं नये. सपाट पटांगणावर पहिला गिअर टाकावा, केवळ क्लच हळूहळू सोडून गाडी गोगलगाईसारखी चालूं द्यावी, पुन्हां दाबून थांबवावी. हें वीस वेळां, तीस वेळां करावें. शिकणाराला कंटाळा येईल, येऊं द्यावा. यानंतर गिअर बदलणें फारसें कठीण जात नाहीं, कारण तेथें हाताचें काम थोडें आणि या शिकलेल्या पायाचेंच अधिक. चढावर उभी गाडी मागें न घसरतां पुढें नेणें ही त्यापुढची परीक्षा. तेथें हातब्रेक ओढलेला असावा, डाव्या पायानें ती थरथर शोधावी, मग उजव्या पायानें थोडी रेस द्यावी, आणि मगच ब्रेक सोडावा. क्रम चुकला तर मागच्या गाडीवर जाऊन आदळावें लागतें.

जुन्या काळीं ही विद्या याहून कितीतरी अवघड होती. गिअरचीं दांतेरीं चाकें आपोआप समान वेगाला आणणारी सिंक्रोमेश नांवाची युक्ति अमेरिकेंतील कॅडिलॅक गाडींत १९२८ सालीं आली. त्यापूर्वीं प्रत्येक गिअरला क्लच दोनदां दाबावा लागे, नाहीं तर दांतांचा खडखडाट साऱ्या गांवाला ऐकूं जाई. आपला मराठवाडा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्याच्या रेल्वेखात्यानें १९३२ सालीं २७ बसगाड्यांनिशीं मोटारसेवा सुरू केली. पुढें १ जून १९४८ रोजीं मुंबई राज्याची पहिली एस. टी. पुण्याहून अहमदनगरला गेली. त्या पिढीच्या मालगाड्यांवर माणूस आधीं क्लीनर म्हणून लागे. गाडी धुणें, पाणी भरणें, मागें उभें राहून "येऊं द्या, येऊं द्या" असें ओरडणें, यांत त्याचीं वर्षें जात, आणि मग कोठें उस्तादाच्या मर्जीनें रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंगला हात लागे. त्या पद्धतींत मारझोड आणि पिळवणूक पुष्कळ होती. ती गेली हें उत्तमच झालें. पण तिच्याबरोबर थांबण्याची संवयही गेली, आणि तिच्या जागीं पंधरा दिवसांची शिकवणी आली.

या शिकवणीविषयीं एक गोष्ट पालकांनीं जाणून असावी. शिकवणीच्या गाडींत शिक्षकाच्या पायाशींही क्लच आणि ब्रेक असतात. ही व्यवस्था सुरक्षिततेसाठीं आहे आणि ती असलीच पाहिजे. परंतु तिचा परिणाम असा होतो कीं, गर्दींत गाडी मऊपणें उचलली जाते ती पुष्कळदां शिक्षकाच्या पायानें, आणि विद्यार्थ्याला वाटतें आपल्याला साधलें. पंधरा दिवसांनीं तो घरच्या गाडींत बसतो, आणि मामा चौकांत, तीन बाजूंनीं रिक्षा आल्या असतांना, त्याला प्रथम कळतें कीं आजवर आपला डावा पाय बोलत नव्हता. गणिताच्या वहींत मागच्या पानावरचीं उत्तरें पाहून बेरजा करणाऱ्या मुलांचें असेंच होतें.

यावर कोणी म्हणतील, आतां बिनक्लचच्या गाड्या आल्या आहेत, विजेच्या गाडीला तर क्लचचें पेडलच नाहीं. मग ही जुनी विद्या कशाला? आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. ज्यांचा डावा पाय अधू आहे, ज्यांना मोठ्या शहराच्या कोंडींत तासन्‌तास काढावे लागतात, त्यांना स्वयंचलित गिअर हें वरदान आहे. परंतु आपल्या जिल्ह्यांत मोंढ्यावर माल आणणारा टेंपो, शेतावरचा ट्रॅक्टर, शेजाऱ्याची जुनी जीप, या बहुतेक साऱ्या क्लचच्याच. रात्रीं-अपरात्रीं आजाऱ्याला दवाखान्यांत न्यावयाची वेळ येते तेव्हां गाडी निवडायला मिळत नाहीं. ब्रिटनमध्यें तर स्वयंचलित गाडीवर परीक्षा देणाराला क्लचची गाडी चालविण्याचा परवाना मिळतच नाहीं.

याहून महत्त्वाचें कारण दुसरें आहे. स्वयंचलित गाडी गिअरमध्यें असतांना ब्रेकवरून पाय उचलला कीं बहुधा आपण होऊन सरकूं लागते, आणि घाबरलेल्या नवशिक्यानें ब्रेक समजून रेस दाबली तर ती आज्ञाधारकपणें भिंतींत शिरते. क्लचची गाडी इतकी आज्ञाधारक नाहीं. तिच्यावरही अपघात होतात, आणि रेस दाबून क्लच एकदम सोडला तर तीही उडी घेते. परंतु नवशिक्याची नेहमींची चूक तिच्यांत इंजिन बंद पडण्यावर निभावते. तिला वेग हवा असेल तर आधीं दोन्ही पायांनीं आणि एका हातानें एकमेकांशीं जमवून घ्यावें लागतें, पहिल्याचा दुसरा आणि दुसऱ्याचा तिसरा गिअर करावा लागतो. अडाणी पायाला ती पुढें जाऊंच देत नाहीं.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरांत एका पोर्शे मोटारीनें दुचाकीला धडक दिली आणि एक तरुण व एक तरुणी, दोघेही अभियंते, मरण पावलीं. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणें गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता. ती विजेवर चालणारी, क्लच नसलेली गाडी होती. क्लच असता तर हें टळलें असतें असें म्हणण्याचा भाबडेपणा आम्ही करीत नाहीं. किल्ली त्या वयाच्या हातीं पडली येथेंच प्रश्न सुरू होतो. त्या मुलाला त्याच दिवशीं जामीन मिळाला, आणि अटींपैकीं एक अशी होती कीं त्यानें अपघातांवर तीनशें शब्दांचा निबंध लिहावा. देशभर संताप उसळला. निबंध तपासण्यांत ज्यांचें आयुष्य चाललें आहे अशा आम्हां शिक्षकांना त्या बातमीनें विशेष खंत वाटली. निबंधाला आम्ही फार मानतों; परंतु तो दोन प्रेतांच्या बदल्यांत लिहून घेण्याची वस्तु नव्हे.

कायदा काय म्हणतो तें पालकांसाठीं थोडक्यांत सांगतों. मोटारीचा शिकाऊ परवानाही अठरा वर्षांपूर्वीं मिळत नाहीं. सोळाव्या वर्षीं जो परवाना मिळूं शकतो तो ५० सी. सी. पर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीपुरता. आज शाळेच्या फाटकाशीं उभ्या असतात त्या ११० सी. सी. च्या स्कूटर त्यांत बसत नाहींत. २०१९ सालच्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयीन मुलानें गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊं शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. शेतावरची पंधरा दिवसांची हौस किती महाग पडूं शकते याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा.

शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिन्यांची असते, आणि तीस दिवस झाल्यावर पक्क्या परवान्याची परीक्षा देतां येते. आपल्याकडे एकतिसाव्या दिवशीं परीक्षा देणें हा पराक्रम समजला जातो. आमची सूचना अशी कीं पुरे सहा महिने घ्यावेत. पांढऱ्या पाटीवरचें तांबडें 'एल' गाडीच्या पुढें आणि मागें खुशाल मिरवूं द्यावें, आणि परवाना असलेलें जाणतें माणूस शेजारीं बसवावें. कायद्याचीही तीच आज्ञा आहे. या सहा महिन्यांत आपल्या जिल्ह्याचे सारे रस्ते एकदां दिसतात. लोखंडी गज भरलेले ट्रक दिसतात, ऊंस वाहणाऱ्या, मागें दिवा नसलेल्या ट्रॉल्या दिसतात, अंगारकीच्या रात्रीं राजूरला पायीं निघालेल्या माणसांच्या रांगा दिसतात, पहिल्या पावसांत चिखल झालेली काळी माती दिसते. समृद्धि महामार्ग मात्र शेवटीं ठेवावा. ११ डिसेंबर २०२२ पासून तो आपल्या जालना आणि बदनापूर तालुक्यांतून वाहतो आहे, आणि तेथें मोटारींना ताशीं १२० किलोमीटरची मुभा आहे. तेथें क्लचला जवळजवळ कामच नाहीं. सरळ रस्ता, पांचवा गिअर, आणि झोंप. ज्याचा हात-पाय अजून विचार करून हलतो त्याला तेथें विचाराला वेळ मिळत नाहीं.

मुलींविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. घरांत गाडी आली कीं मुलगा शिकतो, मुलगी मागच्या आसनावर बसते, आणि आई तर शिकण्याच्या यादींतच नसते. हाफ क्लचला बळ लागत नाहीं, लागतो तो धीमेपणा. शिलाईयंत्राचें पायडल वर्षानुवर्षें बेतानें हलविणाऱ्या पायांत तो आधींच असतो. अठरा वर्षें पुरीं झालेली कन्या ज्या घरांत आहे, तेथें माउलीनें आणि मुलीनें एकाच सुटींत शिकावें.

आणि शेजारीं बसणाऱ्या वडिलांनीं तोंड आवरावें. गाडी गांधीचमनाजवळ भर रस्त्यांत बंद पडेल, मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवील, मुलीचे कान तांबडे होतील. अशा वेळीं "सोड, मी घेतों" म्हणून तिला उठवूं नये. ट्रकवाला आणखी एकदां हॉर्न वाजवील आणि बाजूनें निघून जाईल. तिला गिअर काढून पुन्हां किल्ली फिरवूं द्यावी.