पक्षाध्यक्षाने राहावे की जावे : निर्णय कोणाचा?

पक्षाध्यक्षाने पदावर राहावे की पायउतार व्हावे, हा वाद आपल्याकडे जेव्हा जेव्हा पेटतो, तेव्हा तो त्या व्यक्तीची थोरवी, तिचे वय किंवा तिच्या वाट्याला आलेला पराभव यांभोवती फिरत राहतो आणि निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा, हा मूळ प्रश्न बाजूला पडतो. शरद पवार यांनी २ मे २०२३ रोजी राष्ट्रवादी काँग्रेसचे अध्यक्षपद सोडण्याची घोषणा केली आणि ५ मे रोजी ती मागे घेतली, त्या दिवसांतील चर्चा याच वळणाची होती. ‘साहेबांनी राहावे’ आणि ‘आता थांबावे’ असे दोन तट तेव्हापासून पडले असले, तरी अध्यक्षाची निवड व्यक्तीच्या गुणदोषांवर सोडून देणे हे दोघांचे समान गृहीतक आहे, आणि तेच सदोष आहे.

पहिला पूर्वपक्ष, म्हणजे खंडनासाठी आधी मांडायचे प्रतिपक्षाचे म्हणणे, असा की कार्यकर्त्यांची उत्कट भावना हाच लोकशाही कौल होय. १९९२ साली बाळासाहेब ठाकरे यांनी शिवसेना सोडण्याची घोषणा करून शिवसैनिकांच्या आग्रहानंतर ती मागे घेतली, तेव्हाही याच न्यायाने प्रश्न मिटला होता. परंतु गहिवरलेल्या सभेत ‘राहा’ म्हणणाऱ्याचाच आवाज ऐकू येतो. ‘जा’ म्हणू इच्छिणाऱ्याला तेथे उभे राहण्यास सुरक्षित जागा नसते. पवारांनीच सुचवलेल्या समितीने राजीनामा एकमताने फेटाळला आणि तो ठराव प्रफुल्ल पटेल यांनी जाहीर केला. पक्ष फुटला तेव्हा तेच पटेल अजित पवार यांच्या गटात गेले, आणि २ जुलै २०२३ रोजी अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. जे एकमत दोन महिनेही टिकले नाही, त्याला कौल म्हणणे कठीण आहे; तो केवळ मतभेद व्यक्त करण्याची सोय नसल्याचा पुरावा होता.

‘राहावे’ म्हणणाऱ्यांचा दुसरा युक्तिवाद असा की नेता गेला तर पक्ष फुटतो. येथे तर नेता राहिला आणि पक्ष तरीही फुटला. नेत्याच्या प्रभावाने फुटीनंतरही मते मिळतात, हे खरे आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पवारांच्या गटाने १० जागा लढवून ८ जिंकल्या. मात्र त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील विधानसभा निवडणुकीत त्याला १० जागांवर समाधान मानावे लागले. एकाच नेत्याच्या नावावर अर्ध्या वर्षात इतके भिन्न निकाल लागत असतील, तर त्या नावाला पक्षाच्या स्थैर्याचे तारण मानता येत नाही.

प्रतिपक्षाचा, म्हणजे ‘जावे’ म्हणणाऱ्यांचा, मुख्य आधार वय हा आहे. ५ जुलै २०२३ रोजी वांद्रे येथील सभेत अजित पवार यांनी इतर क्षेत्रांतील निवृत्तीचे दाखले देत पवार कधी थांबणार, असा सवाल केला होता. परंतु वयाची कसोटी दोन्हीकडून कापते : १९७८ साली पवार वयाच्या अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले, तेव्हा कोवळे वय ही अपात्रता मानली गेली असती तर तो प्रसंगच आला नसता. उलट मल्लिकार्जुन खर्गे यांना ऐंशी वर्षे पूर्ण झाली असताना, ऑक्टोबर २०२२ मध्ये, काँग्रेसच्या प्रतिनिधींनी शशी थरूर यांच्या १,०७२ मतांविरुद्ध ७,८९७ मते देऊन अध्यक्ष केले. त्यांच्या अधिकाराला वैधता दिली ती मोजलेल्या मतांनी; वयाचा तेथे संबंध नव्हता.

पराभवानंतर राजीनामा द्यावा, ही अपेक्षा नैतिकदृष्ट्या उदात्त आहे, पण पुरेशी नाही. २०१९ मध्ये काँग्रेसला ५२ जागा मिळाल्यावर राहुल गांधी यांनी पद सोडले. त्यानंतर सोनिया गांधी हंगामी अध्यक्ष झाल्या आणि निवडून आलेला अध्यक्ष येण्यास तीन वर्षांहून अधिक काळ लागला. याच्या उलट ब्रिटनच्या लेबर पक्षात २०१६ साली जेरेमी कॉर्बिन यांच्याविरुद्ध खासदारांनी १७२ विरुद्ध ४० मतांनी अविश्वास दाखवला, तरी सभासदांनी त्यांना ६१.८ टक्के मतांनी पुन्हा निवडले. पुढे २०१७ मध्ये त्यांनी पक्षाच्या जागा वाढवल्या आणि २०१९ मध्ये मोठा पराभव पत्करून पद सोडले. त्यांचे नेतृत्व योग्य होते की नाही यावर मतभेद राहतील. परंतु पक्षाचे नाव कोणाचे, चिन्ह कोणाचे, हा प्रश्न तेथे उद्भवला नाही, कारण नेता कोण हे लेखी नियमांनी आणि मतपेटीने ठरले होते.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो : १९३९ साली सुभाषचंद्र बोस यांनी पट्टाभी सीतारामय्या यांचा १,५८० विरुद्ध १,३७७ मतांनी पराभव केला, तरी तीन महिन्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागला, मग निवडणुकीने काय साधते? परंतु त्रिपुरीच्या अधिवेशनात मंजूर झालेल्या पंत ठरावाने कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी असे अध्यक्षावर बंधन घातले होते आणि गांधीजी तर १९३४ पासून काँग्रेसचे सभासदही नव्हते. निर्वाचित पदाला निर्वाचनाबाहेरची सत्ता झाकोळते तेव्हा काय होते, हेच या घटनेने दाखवले. म्हणून ती निवडणुकीविरुद्धचा दाखला ठरत नाही.

आता मंडन, म्हणजे स्वतःच्या बाजूची मांडणी. अध्यक्षपदाची मुदत पक्षघटनेत निश्चित असावी. मतदार असलेल्या सभासदांची यादी निवडणुकीआधी खुली असावी. मतदान गुप्त असावे. आणि राजीनामा स्वीकारण्याचा वा फेटाळण्याचा अधिकार निवडणाऱ्या मंडळाकडेच असावा, अध्यक्षाने नेमलेल्या समितीकडे नव्हे. अशा निवडणुकांतून गटबाजी वाढेल, हे भय निराधार नाही. पण गट आधीपासूनच असतात, मतपेटी फक्त त्यांना मोजते.

ही मोजणी टाळण्याची किंमत राष्ट्रवादीने चुकवली. निवडणूक चिन्हे (आरक्षण व वाटप) आदेश, १९६८ यातील परिच्छेद १५ नुसार फुटलेल्या पक्षातील खरा गट कोणता हे निवडणूक आयोग ठरवतो आणि त्यासाठी पक्षसंघटनेतील व विधिमंडळातील बहुमत पाहतो. ६ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयात आयोगाला संघटनेतील बहुमतावर विसंबता आले नाही, कारण संघटनेतील निवडीच पक्षघटनेनुसार झालेल्या दिसत नव्हत्या. मग उरले विधिमंडळातील बहुमत. एकूण ८१ लोकप्रतिनिधींपैकी ५७ जणांची शपथपत्रे अजित पवार यांच्या बाजूने होती आणि नाव व घड्याळ हे चिन्ह त्यांच्याकडे गेले. पक्ष कोणाचा, हे ठरवताना ज्या सभासदांनी तो उभा केला त्यांचे मत कोठेच मोजले गेले नाही, आणि ते मोजण्याची व्यवस्था आधी कोणत्याच गटाने केली नव्हती. म्हणून अध्यक्षाने राहावे की जावे, या वादात कोणाची बाजू घ्यावी हे ठरवण्याआधी प्रत्येक पक्षाच्या सभासदाने आपल्या नेत्याकडून मागावी ती मतदारयादी.