बारभाईंची बदनामी

२३ मार्च २००३ ची पहाट अजून आठवते. झहीरच्या पहिल्या ओव्हरला १५ रन, मग पाँटिंग, मग २ बाद ३५९. बॉस्टनजवळच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही चार मराठी पोरं सतरंजीवर बसून वर्ल्डकप हरताना बघत होतो. टॉस जिंकून फिल्डिंग कशाला घेतली, हा वाद पुढे आठवडाभर चालला. आणि नेमक्या आठव्या दिवशी, ३१ मार्चला, मी माझं दुसरं दुखणं विकत घेतलं: बॉस्टन रेड सॉक्स.

ऑफिसात माझ्या शेजारच्या क्यूबिकलमध्ये साठीचा एक अस्सल बॉस्टनकर बसायचा. "क्रिकेट संपलं ना तुझं? आता हे बघ," म्हणाला. बघितलं. टॅम्पा बे विरुद्ध सीझनची पहिलीच मॅच. पेड्रो मार्टिनेझने सात इनिंग टाकल्या, फक्त एक रन दिला. नवव्या इनिंगला ४-१ अशी आघाडी. मग आधी एम्ब्री आला, त्याने होमरन खाल्ला. त्यानंतर चॅड फॉक्स आला, त्याला कार्ल क्रॉफर्डने तीन रनांचा होमरन ठोकला. ६-४, खेळ खल्लास. शेजारी म्हणाला, "वेलकम."

दुसऱ्या दिवशी सगळ्या बॉस्टनने एकच गुन्हेगार पकडला: 'कमिटी'. आज इतक्या वर्षांनीही २००३ च्या रेड सॉक्सच्या बोलिंगचा (बरं बाबा, पिचिंगचा) विषय निघाला की लोक त्या कमिटीवर हसतात. माझं म्हणणं असं की हे हसणं चुकीच्या माणसांवर आहे. कमिटीची कल्पना शंभर टक्के बरोबर होती. नालायक ठरली ती अंमलबजावणी.

आधी नवख्यांसाठी थोडक्यात. बेसबॉलमध्ये सुरुवात करणारा पिचर दमला की राखीव पिचर येतात. एकदा बाहेर काढलेला पिचर त्या मॅचमध्ये परत येत नाही, म्हणजे आपल्यासारखं 'दोन ओव्हर शेवटी ठेव' चालत नाही. राखीवांपैकी सगळ्यात भारी माणसाला 'क्लोजर' म्हणतात, आणि तो शेवटच्या, नवव्या इनिंगसाठी राखून ठेवतात. का? तर त्याला 'सेव्ह' नावाचा आकडा मिळावा म्हणून. हा आकडा जेरोम होल्ट्झमन नावाच्या शिकागोच्या एका पत्रकाराच्या डोक्यातून निघाला आणि १९६९ मध्ये अधिकृत झाला. नवव्या इनिंगला तीन रनांची आघाडी घेऊन आलात, दोन रन दिलेत तरी सेव्ह तुमचा! आकडा मोजायला सुरुवात झाली आणि हळूहळू आकड्यासाठीच खेळ चालू झाला. (आमच्याकडे 'किती लाइन कोड लिहिला' हे मोजायचे, तेव्हाही असंच झालं होतं.)

नोव्हेंबर २००२ मध्ये रेड सॉक्सने २८ वर्षांच्या थिओ एपस्टीनला जनरल मॅनेजर केलं आणि आकडेवाले बिल जेम्स यांना सल्लागार म्हणून घेतलं. आदल्या सीझनला ४० सेव्ह करणारा उगेथ उर्बिना गेला, आणि त्याच्या जागी एक महागडा क्लोजर आणण्याऐवजी विचार असा झाला: मॅच नेहमी नवव्या इनिंगलाच हरतात असं कोण म्हणालं? सातव्या इनिंगला तीन माणसं बेसवर आहेत, समोर त्यांचा सगळ्यात भारी बॅट्समन आहे, तर आपला सगळ्यात भारी पिचर तेव्हा आणा. नाव नको, पद नको, प्रसंग बघा.

यात चूक काय आहे, सांगा ना?

पण वर्तमानपत्रांनी त्याला 'कमिटी' म्हटलं आणि विषय तिथेच मेला. आपल्याकडे म्हणतात ना, बारभाईचा कारभार! दहा जण मालक, जबाबदार कोणीच नाही. (खरं तर इतिहासातल्या बारभाईंनी १७७४ मध्ये राघोबादादांना हटवून दाखवलं होतं. म्हणजे तीही बदनामीच. असो.)

आता समोरच्यांचा मुद्दा. ते म्हणतात, पिचर माणूस आहे, मशीन नव्हे. आपली पाळी कधी येणार हे माहीत असेल तर तो मनाची आणि खांद्याची तयारी करतो. हे मला मान्य आहे. आणि इथेच त्या वर्षी घोळ झाला. सुरुवातीच्या महिन्यांत कोणाला कधी बोलावणार याचा धड नियम नव्हता, आणि मुळात त्या राखीवांत भरवशाचे हातच कमी होते. पण म्हणून कल्पना मोडीत? चार कच्च्या माणसांना नीट न सांगता रात्रीचा सपोर्ट द्यायचा, सिस्टिम बसली की म्हणायचं 'आळीपाळीची पद्धतच वाईट'! गंमत म्हणजे फॉक्स आणि उर्बिना दोघेही त्याच वर्षी फ्लोरिडा मार्लिन्सकडे पोचले, आणि ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सीरिज जिंकून बसले.

मे महिन्याच्या शेवटी किम आला, जुलैच्या शेवटी विल्यमसन आला, आणि 'कमिटी' गुपचूप पुरली गेली. बॅटिंग तर अशी चालू होती की त्या वर्षी स्लगिंगमध्ये १९२७ च्या यांकीजचा विक्रम मोडला. ९५ मॅच जिंकल्या. आणि ऑक्टोबर उजाडला तेव्हा, लक्षात घ्या, टिमलिन, एम्ब्री आणि विल्यमसन हे राखीव पिचर भन्नाट टाकत होते. यांकीजविरुद्धच्या मालिकेत आम्ही जिंकलेल्या तिन्ही मॅच विल्यमसनने बंद केल्या.

१६ ऑक्टोबर २००३, सातवी मॅच. सात इनिंग संपल्या तेव्हा पेड्रोचे १०० चेंडू झाले होते. आठव्यात ५-२ अशी आघाडी. जीटरचा डबल, विल्यम्सचा हिट, ५-३. मॅनेजर ग्रेडी लिटल मैदानात गेले, पेड्रोशी बोलले आणि... एकटेच परत आले. मात्सुईचा डबल. पोसाडाचा डबल. ५-५. पेड्रो बाहेर पडला तेव्हा १२३ चेंडू झाले होते. अकराव्या इनिंगला वेकफिल्डच्या पहिल्याच चेंडूवर आरन बूनने होमरन मारला. क्यूबिकल-शेजारी दोन दिवस ऑफिसला आला नाही.

लोक म्हणतात लिटल भावनेच्या भरात चुकले. मी म्हणतो, ही एप्रिलची उधारी ऑक्टोबरमध्ये वसूल झाली. वर्षाच्या सुरुवातीला राखीवांवरचा विश्वास एकदा उडाला, तो ते उत्तम टाकत असतानाही परत आला नाही. मॅनेजरला फक्त एकच माणूस दिसत होता: हीरो.

आणि समोर काय चाललं होतं? यांकीजचा मारियानो रिवेरा, क्लोजरांचा क्लोजर, नवव्या, दहाव्या आणि अकराव्या अशा तीन इनिंग टाकून गेला. स्कोअर बरोबरीत, सेव्ह मिळण्याचा प्रश्नच नाही. टोरींनी सगळ्यात भारी माणूस सगळ्यात अवघड वेळी वापरला, सेव्हचा विचार न करता. म्हणजे आमची टिंगल झालेली कल्पना त्या रात्री आमच्याच विरुद्ध वापरली गेली!

पुढच्या वर्षी फ्रँकोना मॅनेजर झाले, कीथ फोक क्लोजर आला. झालं, म्हणाले लोक, कमिटी हरली. थांबा. १७ ऑक्टोबर २००४, यांकीजविरुद्ध चौथी मॅच, हरलो की घरी. फोक कधी आला? सातव्या इनिंगला, ४-३ ने मागे असताना. ५० चेंडू टाकले. ती मॅच जिंकलो आणि मग १९१८ नंतरची पहिली वर्ल्ड सीरिजही.

२०१६ मध्ये तेच फ्रँकोना क्लीव्हलँडला होते. त्यांनी अँड्र्यू मिलरला पाचव्या इनिंगलाच आणायचा सपाटा लावला (पहिला फटका आम्हालाच!) आणि सगळे 'क्रांती, क्रांती' म्हणून नाचले. त्याच ऑक्टोबरमध्ये बाल्टिमोरच्या शोवॉल्टरनी ४७ पैकी ४७ सेव्ह करणाऱ्या ब्रिटनला राखून ठेवलं. टोरोंटोने अकराव्या इनिंगला मॅच संपवली, ब्रिटनने एकही चेंडू टाकला नाही.

हे सगळं आज का उकरून काढतोय? कारण पुण्यात परत येऊन इतकी वर्षं झाली, तरी प्रत्येक टीममध्ये मला एक पेड्रो दिसतो. रात्री दोनला फोन त्यालाच जातो, शंभर चेंडू झालेले असतात, आणि मॅनेजर विचारतो, "जमेल ना?" तो 'नाही' म्हणत नाही. पेड्रोही म्हणाला नव्हता. हा प्रश्न त्याला विचारायचाच नसतो. जाऊन चेंडू मागून घ्यायचा असतो. आणि ते जमण्यासाठी बाकीच्यांना एप्रिलपासून घडवायचं असतं, एका वाईट रात्रीनंतर मोडीत काढायचं नसतं.

मी स्वतः तो मॅनेजर होतो, एकदा. तो मुलगा आता नोकरी सोडून गेलाय.

बारभाई वाईट नसतात हो. त्यांना कामाला लावायचं धैर्य लागतं, एवढंच.